आमची वाटचाल: अल्बममध्ये आणि फिल्ममध्ये शालूचा रंग एकच

सांगलीत आम्ही स्टुडिओ टाकला तेव्हा लग्नाच्या ऑर्डरीत फोटोवाला वेगळा आणि व्हिडिओवाला वेगळा असे. फोटो करिझ्मा अल्बमला (डिझाइन केलेल्या पानांच्या छापील अल्बमला) जात, कॅसेट मिक्सिंगला, म्हणजे एडिटिंगला. 2008 मध्ये कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला, फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) स्टिल कॅमेऱ्यातूनच फुल एचडी व्हिडिओ निघू लागला आणि हळूहळू दोन्ही कामं आमच्याकडेच आली.

मग खरा प्रश्न पुढे आला. घरची मंडळी अल्बम मांडीवर घेऊन टीव्हीवर फिल्म बघतात. नवरीचा हिरवा शालू एकीकडे हिरवा आणि दुसरीकडे निळसर दिसला, की त्यांच्या लगेच लक्षात येतं. आमची सगळी कामाची पद्धत या एका गोष्टीभोवती उभी राहिली.

रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फोटोचा व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेली रंगांची जुळवणी) नंतर हवा तसा बदलता येतो. आपल्या नेहमीच्या व्हिडिओत तो चित्रीकरणातच पक्का होतो, नंतर ओढाताण केली की चेहऱ्याचा रंग बिघडतो. म्हणून मंगल कार्यालयात पोचल्यावर ग्रे कार्ड (रंग मोजायचं करड्या रंगाचं कार्ड) धरून सगळ्या कॅमेऱ्यांवर केल्विनचा, म्हणजे व्हाइट बॅलन्सचा एकच आकडा हातानं लावायचा, ऑटो बंद. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेमवर, शटर 1/50 सेकंद. नाहीतर ट्यूबलाइटखाली पट्टे फिरतात. कॅमेऱ्यांची घड्याळंही आदल्या रात्रीच जुळवून ठेवतो.

घड्याळं जुळवल्याचा फायदा लाइटरूम क्लासिक या फोटो निवडायच्या आणि सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतो. फोटो आणि क्लिप एकाच कॅटलॉगमध्ये वेळेनुसार लागतात, त्यामुळे अंतरपाट दूर होतानाचा फोटो आणि तीच क्लिप शेजारी सापडते. सिलेक्शन एकदाच होतं. निवडलेल्या क्लिप तिथूनच वेगळ्या फोल्डरला हलवतो. कलर करेक्शन मात्र आधी फोटोंचं. हळद, मुहूर्त, वरात अशा प्रत्येक प्रसंगाचा एक पक्का फोटो दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतो आणि स्कोप (चित्रातला रंग आणि उजेड मोजून दाखवणारे आलेख) बघत क्लिप त्याला जुळवतो. डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही, रात्री उशिरा डोळे थकलेले असतात. रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही अल्ट्रा एचडीपर्यंत काम देते. नवीन मुलांनी पैसे प्रीसेटवर (रंगांच्या तयार सेटिंगवर) घालवण्याआधी स्कोप वाचायला शिकावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

जागेचा हिशेब मोठा असतो. सेकंदाला 100 मेगाबिटच्या फोर-के व्हिडिओला तासाला साधारण 45 जीबी लागतात, आणि कॅमेरे एकाहून जास्त. दोन हार्ड डिस्कवर कॉपी होऊन त्यातली एक दुसऱ्या घरी गेल्याशिवाय कार्ड फॉरमॅट होत नाही. लग्न परत लावता येत नाही.

अलीकडे रील त्याच रात्री मागतात. त्यासाठी मुहूर्ताच्या मोजक्या क्लिप जेवणाच्या पंगती चालू असतानाच लॅपटॉपवर घेतो, पण आधी एक फोटो पक्का करतो आणि रंग त्याच्यावरूनच लावतो.