80 रुपये, एक खाट आणि एक स्टोव्ह

15 मार्च 1959. गिरगावातल्या लोहाणा निवासच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्याच एक. भांडवल नव्हतं, म्हणून छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून 80 रुपये उसने घेतलेले. छगनबाप्पा या नावाने ओळखले जाणारे हे गृहस्थ भारत सेवक समाजाचे कार्यकर्ते. त्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे गेली.

‘लिज्जत’ची ही सुरुवात बऱ्याच जणांना ठाऊक असते. बोलणं होतं ते सातजणींच्या जिद्दीबद्दल, आणि ते रास्तच आहे. मला मात्र बोलायचंय ते त्यांना मिळालेल्या मदतीबद्दल. घरगुती धंद्याला मनापासून हात देऊ पाहणारी चांगली माणसं आजही नेमकी इथेच चुकतात.

ते 80 रुपये उसने होते, देणगी नव्हती. तोटा आला तरी कुणापुढे मदतीसाठी हात पसरायचा नाही, हे त्या बायकांनी पहिल्यापासून ठरवलं होतं. यात स्वाभिमान आहेच, पण व्यवहारही आहे. पैसे परत करायचे म्हटलं की आज डाळ किती आली, पीठ किती झालं, पाकिटं किती गेली, रोकड किती हातात पडली, हे रोज संध्याकाळी लिहावंच लागतं. फुकट आलेल्या पैशाला ती वही लागत नाही आणि तोटा महिनोन्महिने झाकलेला राहतो. छगनबाप्पांनी पैशांबरोबर आग्रह धरला तो याचाच: हा धंदा आहे, धंद्यासारखा चालवा, हिशेब चोख ठेवा.

दुसरा सल्ला त्याहून मोलाचा. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायला. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका. ज्यांनी पापड केलेत त्यांना यातलं शहाणपण लगेच कळेल. एक किलो उडदाच्या पिठाला साधारण 35 ग्रॅम पापडखार, तेवढंच किंवा थोडं जास्त मीठ, 25 ते 30 ग्रॅम जाडसर मिरी, 8-10 ग्रॅम हिंग आणि अंदाजे 400 मिली पाणी लागतं. पीठ घट्ट भिजवून, झाकून ठेवून, मग तेलाच्या हाताने चांगलं कुटायचं. यात पैसे वाचवायच्या जागा तीनच: डाळ, हिंग-मिरी आणि कुटायचा वेळ. हलकी डाळ घेतली की पिठाला चिकटपणा येत नाही. कुटणं आवरतं घेतलं की लाटताना कडा फाटतात आणि तळल्यावर पापड एका बाजूने फुलतो, दुसरीकडे दडस राहतो. कसर भरून काढायला खार वाढवला तर पापड लालसर होतो, जिभेवर साबणासारखी चव रेंगाळते. शिवाय एकाच घरात दोन प्रती केल्या की लाट्यांची सरमिसळ ठरलेली. ज्या गिऱ्हाइकाच्या ताटात हलका पापड पडला, ते पुन्हा पाकीट उचलत नाही.

मग आला पाऊस. पहिल्या वर्षी चार महिने काम बंद पडलं. मुंबईच्या पावसाळ्यात ओला पापड पंख्याखाली ठेवून काही होत नाही. वरून कोरडा वाटतो, आत ओल राहते आणि थोड्याच दिवसांत पाकिटात बुरशीचे ठिपके दिसतात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली.

हा उपाय दिसतो तितका साधा नाही. 28 अंशांची, 90 टक्के दमट हवा 40 अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता 45 टक्क्यांच्या आसपास उतरते. बाहेर धो धो पाऊस, पण खाटेच्या विणीतून वर येणारी हवा कोरड्या दिवसासारखी. बिघडतं ते दोन गोष्टींनी. आच मोठी ठेवली तर कडा आधी वाळतात, पापड द्रोणासारखा वळतो आणि रचताना तुटतो. खोली बंद ठेवली तर बाहेर पडलेली वाफ तिथेच कोंडते. त्यातून रॉकेल किंवा गॅस जळताना वाफ आणि विषारी वायू दोन्ही सोडतो, म्हणून एक खिडकी खाली आणि एक झरोका वर उघडा हवाच. पापड मधेमधे उलटायचे. हाताला चिकटत नाही आणि वाकवला तर कडकन न मोडता चामड्यासारखा वाकतो, तो पापड पाकिटात भरण्याजोगा झाला.

पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये. पावसाचे चार महिने वगळले तर दिवसाला साधारण 25 रुपये. पुढे 1962 मध्ये ‘लिज्जत’ हे नाव स्पर्धा घेऊन निवडलं, बक्षीस 5 रुपये. 1966 च्या सप्टेंबरात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता आली आणि 8 लाखांचं खेळतं भांडवलही.

आज कुणी शेजारीण पापड, मेतकूट, भाजणी विकायला बाहेर पडली आणि तुम्हाला मदत करावीशी वाटली, तर बिनव्याजी पैसे द्या, पण रक्कम आणि परतीची तारीख तिच्याच वहीत लिहा. आपल्या माणसाचं म्हणून न आवडलेलं पाकीट गोड मानून घेऊ नका. मीठ जास्त झालंय की खार, ते नेमकं सांगा.

दुकानदार असाल तर चाळीस नको, चारच पाकिटं ठेवून घ्या. वजन, अन्नसुरक्षा नोंदणी क्रमांक आणि तयार केल्याची तारीख पाकिटावर आहे ना, ते आधी बघा. चिठ्ठी दोन प्रतींत करा, एक तिच्याकडे, एक तुमच्या गल्ल्यात. आठ दिवसांनी उरलेली पाकिटं मोजून परत द्या आणि विकलेल्यांचे पैसे त्याच वेळी चुकते करा. पुढच्या आठवड्याची उडदाची डाळ तिला त्यातूनच आणायची असते.