नाशिकची वाईन, मे महिना आणि विदर्भ: डिकीत नेऊ नका

मे महिन्यात नाशिकहून विदर्भातल्या गावी वाईन न्यायचा विचार असेल तर आत्ताच सोडून द्या. नागपुरात घ्या. मी नऊ बाटल्या नेल्या, त्यातल्या चार एका चुकीच्या सल्ल्यापायी वाया गेल्या आणि वर्ध्याच्या दारूबंदीपायी सगळी दुपार रस्त्यात गेली. हे लिहितोय ते त्या दुपारीसाठी. बाकीचे तीन दिवस मजेत गेले, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

मी नाशकात नोकरीला, आजोळ भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यात. यंदा सगळी मामेभावंडं मामांकडे जमणार होती. संध्याकाळी अंगणात बाजा टाकून बसायचं, काहीतरी गार प्यायचं, आणि ते आपल्या महाराष्ट्रातलं, परवडणारं असावं, एवढाच बेत. एका वायनरीच्या काउंटरवरून पांढऱ्यांत शेनिन ब्लाँच्या तीन आणि सोव्हिन्याँ ब्लाँच्या दोन, गुलाबी रोझेच्या दोन, लाल शिराजची एक आणि एक फेसाळ वाईन अशी खरेदी केली. सहाशे ते नऊशेच्या दरम्यानच्या बाटल्या. उन्हाचं विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आठ तासांचा तर प्रवास आहे साहेब, डिकीत ठेवा, काही होत नाही." त्याने विदर्भाचा मे पाहिलेला नसावा. पण विकणाऱ्याला एवढं माहीत असायला हवं.

पहाटे पाचला निघालो, सिन्नरजवळ समृद्धीवर चढलो, अकराच्या सुमारास अमरावतीसाठी खाली उतरलो. मित्राकडे जेवण होईपर्यंत गाडी सव्वा तास उन्हात उभी. तिथूनच मामांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणत्या रस्त्यानं येऊन राहिला?" समृद्धीनेच, म्हटलं. "अन् बाटल्या घेऊन? वर्धा लागते ना मधात! दारूबंदी हाय तिथं. तुले कोणी सांगतलं नाही का?"

कोणीच सांगितलं नव्हतं. सेवाग्राम-पवनारचा जिल्हा, तिथे दारूबंदी आहे हे मला शाळेपासून ठाऊक होतं, पण समृद्धी त्याच जिल्ह्यातून जाते हे डोक्यातच आलं नव्हतं. जुना महामार्ग घ्यावा तर तोही तळेगाव, कारंजा असा वर्ध्यातूनच. माझ्याकडे बिलं होती, परवानाही होता, पण बंदी असलेल्या जिल्ह्यात त्यांच्या भरवशावर जायचं नाही असं ठरवलं. तुम्हीही जाऊ नका. गडचिरोलीतही 1993 पासून बंदी आहे. चंद्रपुरातली 2015 साली लागलेली बंदी 2021 मध्ये उठली, त्यामुळे ताडोब्याकडे जाणाऱ्यांना ती अडचण नाही.

मग उरला मोर्शी-वरूड-काटोल. हा रस्ता वर्धा जिल्ह्याला स्पर्श न करता अमरावतीतून थेट नागपूर जिल्ह्यात उतरतो. संत्र्याचा पट्टा. एरवी मी या रस्त्याला नावं ठेवली नसती. पण मेच्या भर दुपारी, ट्रकांच्या मागे रांगत, मृग बहारासाठी ताण दिलेल्या सुकलेल्या बागा दोन्ही बाजूंना, आणि मागे डिकीत नऊ बाटल्या शिजतायत हे कळत असताना तो रस्ता संपता संपत नाही. बाहेर 44 अंश. वरूडच्या पुढे एका झाडाखाली थांबून डिकी उघडली, स्वयंपाकाचा थर्मामीटर आत ठेवला. 51. पुढचा आकडा वाचायचीच इच्छा उरली नाही. तिथेच बाटल्या काढून मागच्या सीटखाली, एसीचा झोत जाईल अशा ठेवल्या. हे सकाळी सहाला करायला हवं होतं. सेडानच्या डिकीत एसी जात नाही, एवढं एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर चारही बाटल्या वाचल्या असत्या.

मामांकडे पोचायला साडेसात वाजले. हातपाय धुवून पहिल्यांदा बाटल्याच तपासल्या. शिराजच्या बाटलीवरचं वेष्टण फुगलेलं होतं. सोललं तर बूच काचेच्या कडेपासून चांगलं दोन-तीन मिलिमीटर वर आलेलं, आणि लेबलवर जांभळा चिकट ओघळ. वाईन तापली की फुगते, बुचाला वर रेटते, कडेने झिरपते, आणि गार होताना त्याच फटीतून हवा आत ओढून घेते. चव बघितली: करपलेल्या मनुकांचा मुरांबा. बूच असलेली एक सोव्हिन्याँ तशीच गेली, एक रोझेही. फेसाळ वाईन उघडताना अर्धी अंगणात सांडली, उरलेली बेचव. अशा बाटलीत साध्या तापमानालाही बाहेरच्या हवेच्या सहापटीच्या आसपास दाब असतो. ती गरम डिकीत नेणं धोक्याचंच होतं, फुटली नाही हे नशीब. स्क्रू कॅपच्या पाचही बाटल्या मात्र बऱ्यापैकी तगल्या. त्यातल्या शेनिनचा ताजेपणा थोडा उतरला होता, पण पिण्याजोगी होती.

म्हणून उन्हाळ्यासाठी घेताना फिरकीचं झाकण बघूनच घ्या. बूच म्हणजे उंची माल, हा समज काढून टाका. सहा-आठशेच्या पांढऱ्या वाईनला बुचाचा काडीचाही उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी कमी पडलेली भरून काढायला तालुक्याच्या गावी गेलो. एका दुकानात सोव्हिन्याँ मिळाली. छापील किंमत 780, मागितले 850. का, तर "थंड केल्याचे." बाटली हाताला कोमट लागत होती. एमआरपीच्या वर पैसे घेणं बेकायदा आहे, कुठलाही थंड करण्याचा आकार लागत नाही, हे मी त्याला शांतपणे सांगितलं. त्याने खांदे उडवले. दमलेलो होतो, पाहुणे वाट बघत होते, दिले 850. चूक केली. तुम्ही देऊ नका, निघून या. घरी आल्यावर लेबलवरचं साल पाहिलं तर तीन वर्षांपूर्वीचं, आणि ग्लासात रंग काळ्या चहासारखा. दुकानाच्या शोकेसमध्ये ऊन खात उभी राहिलेली बाटली होती ती. सत्तर रुपयांपेक्षा मला याचा राग जास्त आहे. गावाकडच्या गिऱ्हाइकाला यातलं काय कळतंय, असं धरून चालणाऱ्या दुकानदाराच्या पदरात आपण पैसे टाकतो.

साल बघणं सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, त्यामुळे मागच्या सालची पांढरी वाईन उन्हाळ्यात अगदी योग्य वयाची असते. दोन वर्षांहून जुनी स्वस्त पांढरी घेऊच नका. बाटली उजेडासमोर धरा, रंग फिकट गवती हवा. आडवी ठेवलेली, आतल्या अंधाऱ्या मांडणीतली मागा. किराणा दुकानात मिळेल या आशेवर राहू नका, सुपरमार्केटात वाईन विकू देण्याची 2022 ची सरकारी घोषणा विरोधामुळे तिथेच राहिली. वाईन शॉप किंवा बिअर शॉपी, आणि खप असलेलं दुकान, म्हणजे नागपूरच. दुकानात एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो, आजीवन हजारात. तो मागून घ्या.

काय घ्यावं? शेनिन ब्लाँ. दुसरा विचार नको. नाशिकच्या वाईनची ओळखच तिने करून दिली, सुला या तिथल्या वायनरीने 2000 साली पहिल्यांदा बाजारात आणलेल्या वाईनींमध्ये ती होती. आंबटपणा चांगला, जराशी गोडी, आणि विदर्भाच्या तिखटाला हीच गोडी लागते. मामींच्या सांभारवडीबरोबर ती जी लागली, तशी कुठल्याही हॉटेलात लागणार नाही. कुरकुरीत बेसन, आत सांभार (म्हणजे आपली कोथिंबीर) आणि खोबऱ्याचं सारण, वरून गार शेनिनचा घोट. मामेबहीण वाईन पहिल्यांदाच पीत होती. तिने ग्लास खाली ठेवला नाही. सोव्हिन्याँ ताजी असेल तर चांगली, हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास येतो, पाटवडीबरोबर जमते, रश्श्याबरोबर नाही. सावजी मटणाला रोझे, चांगली गार. शिराज, कॅबरने मेमध्ये घेऊ नका. 13-14 टक्के अल्कोहोल आणि सालीचा तुरटपणा सावजीच्या तिखटावर तेल ओततात, जीभ भाजून निघते. लालच हवी असेल तर अकलूजकडची सांजोव्हेझे फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून. लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी हा नियम थंड देशांतल्या खोल्यांचा आहे, साकोलीतल्या खोलीचा नाही.

गार करायचं कसं, हे आम्ही मोजून बघितलं, कारण वीज संध्याकाळी दोनदा गेली. वीज असताना ओला दुपट्टा गुंडाळून बाटली कूलरसमोर ठेवली: दीड तासात 26 अंश. कोरड्या हवेत हे छान चालतं, पण पाणी उडून येणारी गारवट याच्या खाली फारशी जात नाही. पांढऱ्याला आठ-दहा अंश हवेत. मग तालुक्याहून पोत्यात गुंडाळून आणलेली बर्फाची लादी फोडली, मोठ्या गंजात बर्फ, मानेपर्यंत पाणी आणि दोन मुठी खडेमीठ. मिठाने बर्फाचं पाणी शून्याच्याही खाली जातं. बाटली मधूनमधून फिरवत राहिलो. पंचवीस मिनिटांत 9. नुसता बर्फ घालू नका, पाणी हवंच, बर्फाचे खडे बाटलीला चार ठिकाणीच टेकतात. ग्लासात बर्फ टाकू नका.

ऊन उतरल्याशिवाय सुरू करू नका. एका ग्लासामागे एक ग्लास पाणी. दिवसभर लू खाल्लेल्या शरीरात आधीच पाणी कमी असतं, धाकट्या भावाचं दुसऱ्या रात्री डोकं भणभणलं ते याच कारणाने. गाडी त्यानंतर कोणी हातात घ्यायची नाही. मोहाची आणून देतो म्हणणारे भेटतील. हातभट्टीची ती, आत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं, स्पष्ट नाही म्हणा. वाळवलेली मोहफुलं मात्र मामींकडून मागून घेतली.

दिवाळीत पुन्हा जाणार आहे. रिकामा आइसबॉक्स घेऊन, समृद्धीनेच. नागपुरात थांबून सहा शेनिन, दोन रोझे, आणि तिथून भंडाऱ्याच्या वाटेवर वर्धा लागत नाही.