एकाच बिल्डमध्ये तीन पायथन: माझा अनुभव

आमचं सी++ मधलं एक मॉड्यूल ग्राहकांना पायथनमधून वापरायचं असतं, त्यासाठी आम्ही पायबाइंड११ (सी++ चा कोड पायथनला जोडून देणारी लायब्ररी) वापरतो. ग्राहक कोणी उबुंटू २०.०४ वर, कोणी २२.०४ वर, कोणी २४.०४ वर. म्हणजे पायथन ३.८, ३.१० आणि ३.१२. बिल्ड सर्व्हर (जिथे कोडपासून चालणारी फाइल बांधली जाते) मुद्दाम जुन्या २०.०४ चा ठेवलाय, कारण जुन्या ग्लिबसीवर (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बांधलेलं नव्या सिस्टीमवर चालतं, उलटं चालेलच असं नाही.

जादाचे पायथन बसवणं, स्क्रिप्ट लिहिणं वगैरे मार्गी लागलं. ३.१२ मधून डिस्टयुटिल्स हे पायथनची पॅकेजेस बांधायचं जुनं मॉड्यूल काढून टाकलंय, त्यामुळे एक जुनी स्क्रिप्ट अडली. तीही सेटअपटूल्स (त्याची जागा घेणारं पॅकेज) टाकल्यावर चालू झाली. पाइपलाइन, म्हणजे आपोआप होणारं बिल्ड आणि टेस्ट, तिन्हीकडे हिरवी. आणि ३.१२ वाल्या ग्राहकाकडून निरोप: मॉड्यूल नॉट फाउंड.

फोल्डरमध्ये फाइल होती. समोर दिसत होती. पण तिच्या नावाचा शेवट होता 'सीपायथन-३८-एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू.एसओ'. ३.१२ चा पायथन स्वतःच्या शेपटीची फाइल शोधतो, ३८ वाली बघतही नाही. चुकीच्या आवृत्तीची आहे असंही सांगत नाही, सरळ 'सापडली नाही' म्हणतो. ३.१२ साठी म्हणून केलेल्या बिल्डमधून ३.८ ची फाइल बाहेर पडली होती!

बिल्डची मांडणी करणाऱ्या सीमेकला तर मी ३.१२ चा पूर्ण पाथ दिला होता. लॉगमध्ये 'फाउंड पायथन३' आणि पुढे ३.१२ असं स्वच्छ लिहिलेलं. मग ३.८ आला कुठून? इथे माझं डोकं फिरलं, आणि अजून आठवलं की फिरतं.

'कुठला पायथन घ्यायचा' एवढं सांगायला सीमेकमध्ये तीन व्हेरिएबल्स आहेत. एकात पायथन_एक्झिक्युटेबल हे सगळं कॅपिटलमध्ये. दुसऱ्यात पायथनचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल. तिसरं दुसऱ्यासारखंच, पण पायथनच्या पुढे ३. पहिलं जुन्या फाइंडपायथनइंटर्पचं, दुसरं फाइंडपायथनचं, तिसरं फाइंडपायथन३ चं. लहान-मोठ्या अक्षरांत सीमेक फरक करतं, म्हणून ही तिन्ही स्वतंत्र, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. प्रोजेक्टमध्ये पायबाइंड११ (२.x मालिकेतलं) आधी जोडलेलं होतं आणि पायथन३ चा शोध नंतर. आधी कोणी पायथन शोधलेला नसेल तर ही मालिका जुन्या पद्धतीवर जाते, सगळ्या कॅपिटलवालं नाव बघते. ते रिकामं, म्हणून तिने सिस्टीमचा ३.८ उचलला. मी तिसऱ्या नावाने दिलेला ३.१२ फक्त कोड जनरेटरच्या (बिल्डमध्येच थोडा कोड तयार करणाऱ्या साधनाच्या) वाट्याला आला.

बरं, मधलं नाव देऊन पाहिलं तर प्रोजेक्टमध्ये ते वापरतच नव्हते. अशा वेळी सीमेक थांबत नाही. लॉगच्या तळाशी 'हाताने दिलेली ही व्हेरिएबल्स वापरली गेली नाहीत' अशा अर्थाची वॉर्निंग येते आणि कमांड यशस्वी ठरते. शेकडो ओळींच्या लॉगमध्ये ती कोण वाचणार? माझ्या मते न वापरलेलं व्हेरिएबल ही एररच असायला हवी.

आणि टेस्ट हिरव्या का? त्या नुसत्या 'पायथन३' या कमांडने चालत होत्या. ती कमांड सिस्टीमची, म्हणजे ३.८. चुकीची फाइल चुकीच्याच पायथनने तपासली जात होती.

उपाय दोन ओळींचा. फाइंड_पॅकेजमध्ये पायथन, इंटरप्रीटर आणि डेव्हलपमेंट हे दोन्ही घटक एकाच कॉलमध्ये मागायचे (वेगवेगळे मागितले तर आवृत्त्या जुळतीलच याची खात्री नाही), आणि ही ओळ पायबाइंड११ च्या वर ठेवायची. मग सगळीकडे एकच नाव, मधलं. सीमेक ३.२७ पासूनच्या सीएमपी०१४८ धोरणात जुने शोध-मॉड्यूल काढून टाकलेत, त्यामुळे आज नवीन प्रोजेक्ट सुरू करत असाल तर जुनी पद्धत ठेवायचं काही कारण नाही.

प्रत्येक आवृत्तीला वेगळी बिल्ड डिरेक्टरी द्या. सीमेक आधीची उत्तरं जिथे साठवतं त्या सीमेककॅश.टीएक्सटी मध्ये जुना पायथन चिकटून राहतो आणि दुरुस्ती केल्यावरही तेच दिसत राहतं. सीमेक ३.२४ पासून ही साठवण पुसून सुरू करणारा '--फ्रेश' पर्याय आहे, पण २०.०४ चं सीमेक ३.१६ आहे; पिपने (पायथनची पॅकेजेस उतरवणारं साधन) नवं घ्या.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: सिस्टीमचा 'पायथन३' बदलून ३.१२ करू नका. उबुंटूत पॅकेजेस बसवणाऱ्या एपीटीच्या जोडीची काही साधनं त्याच्यावर चालतात, ती मोडतात. पायएन्व्ह (पायथनच्या अनेक आवृत्त्या बांधून शेजारी ठेवणारं साधन) वापरणार असाल तर आधी ओपनएसएसएलच्या हेडर फाइल्स बसवा, नाहीतर पायथनमध्ये एसएसएल (सुरक्षित जोडणीची सोय) येत नाही आणि मग पिप काहीच उतरवू शकत नाही.

आता आमच्या पाइपलाइनमध्ये बिल्डनंतर पायथनच्या सिसकॉन्फिग मॉड्यूलमधून 'ईएक्सटी_सफिक्स' (म्हणजे त्या पायथनला हवी असलेली शेपटी) विचारून फाइलच्या नावाशी ताडून बघतो, टेस्ट पूर्ण पाथ दिलेल्या पायथननेच चालवतो, आणि लॉगमध्ये ती न वापरलेल्या व्हेरिएबलची वॉर्निंग दिसली की बिल्ड लाल करतो.