आमची वाटचाल : दोन ट्रंका, १४ लॅपटॉप आणि जव्हारचा पाऊस

बरेच जण विचारतात, सर तुमचं ते ट्रंकवालं कोडिंग कसं सुरू झालं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो, दरवेळी चहावर तेच सांगायला नको.

२००४ ला जव्हारमध्ये कॉम्प्युटर क्लाससाठी गाळा भाड्याने घेतला. तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता, आम्ही ठाण्यात. एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स नुकता जोरात आला होता, सरकारी नोकरीला लागतो म्हणून लोक यायचे. पाच पेंटियम फोर कॉम्प्युटर, पाच जाडे सीआरटी मॉनिटर, आणि लोडशेडिंग. एक रॉकेलवरचा होंडा जनरेटर होता, सगळे मॉनिटर एकदम चालू केले की तो रडायचा, म्हणून एकेक करून चालू करायचे. सामान आणायला मुंबईचा लॅमिंग्टन रोड. तेव्हा डहाणू लोकल नव्हती, पालघरहून शटलने विरार आणि मग पुढे, येताना मांडीवर कॅबिनेट घेऊन यायचो.

हार्डवेअर बघायला एक मुलगा ठेवला, कामगार कसला, पार्टनरच म्हणा. नेटवर्कच्या वायरीला टोक बसवायचं क्रिम्पिंग टूल कसं धरायचं ते मी त्याला शिकवलं, पावसात मशिन बीप मारून बंद पडलं की रॅम काढून नटराजच्या खोडरबराने पिवळे पाय घासायचे तेही मीच शिकवलं, पुढे तो माझ्यापेक्षा भारी झाला. त्याचं पुढे येईलच.

२००८ ते २०१४ बरं चाललं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कोडिंगचं खूळ डोक्यात आलं ते आश्रमशाळेतल्या पोरांमुळे. नववी-दहावीची वारली, कोकणा, कातकरी पोरं. शाळेत कॉम्प्युटर लॅब म्हणजे कुलूप लावलेली खोली आणि वर प्लास्टिकचं कव्हर. दहावीनंतर बहुतेक आर्ट्सला. शहरातली पोरं अकरावीला २०० मार्कांचं बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घेतात, ८०८५ प्रोसेसर आणि सी++ भाषा करतात, आमच्या पोरांना असा काही विषय असतो हेच माहीत नव्हतं. मी म्हणलं आपण पेंट आणि वर्ड किती दिवस शिकवायचं? दर शनिवारी शाळेत जाऊन प्रोग्रॅमिंग शिकवू. महिना ६० रुपये.

आधी रास्पबेरी पाय घेतले, म्हणजे एका छोट्या बोर्डावरचे कॉम्प्युटर, सहा. सगळे म्हणतात स्वस्त, स्वस्त. बोर्ड स्वस्त असतो हो, पण त्याला मॉनिटर लागतो, कीबोर्ड लागतो, आपल्याकडचे मॉनिटर जुन्या व्हीजीए जोडणीचे म्हणून वर कन्व्हर्टर लागतो. आणि लाइट गेली की एसडी कार्ड करप्ट. एका पावसाळ्यात ११ कार्डं गेली. म्हणून सांगतो, खेड्यात क्लास काढताय तर बॅटरीवालं मशिन घ्या, जुनं चालेल.

मग पतपेढीचं कर्ज काढून लॅमिंग्टन रोडवरून कंपन्यांचे वापरून झालेले १४ थिंकपॅड लॅपटॉप आणले. त्यांचा कीबोर्ड पोरांनी कितीही बडवला तरी मरत नाही. दोन पत्र्याच्या ट्रंका, आत जुन्या गादीचा फोम कापून सात-सात खाचे, वरून मेणकापड. जीपमध्ये सीटखाली बसतात, टपावर कधी ठेवू नका, ड्रायव्हर कितीही शपथा घेऊ दे. जून ते सप्टेंबर लॅपटॉप कपाटात ठेवतो आणि खाली ४० वॅटचा साधा बल्ब जळता ठेवतो, नाहीतर किजवर बुरशी येते.

आता ते मोगऱ्याचं सांगतो. एक दादा आहेत, मोगऱ्याची बाग, कळ्या दादरला जातात. त्यांची तिन्ही पोरं माझ्याकडे शिकली, पहिली मुलगी २०१६ ला. फी महिन्याची नाही, आठवड्याला, हाताला मोगऱ्याचा वास असलेल्या दहाच्या नोटा. मुलगी घरी वारली बोलणारी, मराठीच तिची दुसरी भाषा, आणि मी इंग्रजीत प्राइस, वेट करत बसलेलो. मग सुचलं, पायथन तीन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत व्हेरिएबलचं, म्हणजे आकडा साठवायच्या डब्याचं, नाव देवनागरीत चालतं. तिने लिहिलं, वजन, दर, दलाली, गाडीभाडं. गंमत अशी की प्रोग्रॅम चालू असताना इनपुटला १२ हा आकडा देवनागरीत टाकला तरी इंटला, म्हणजे टाइप केलेल्याचा आकडा करणाऱ्या फंक्शनला, बरोबर कळतो, पण कोडमध्ये तोच देवनागरी १२ लिहिला की सिंटॅक्स एरर. तिने विचारलं, सर असं का? मला तेव्हा सांगता आलं नाही, घरी जाऊन वाचलं, पुढच्या शनिवारी सांगितलं. हिशोब चालवून बघितला तर आदल्या महिन्याच्या पट्टीत, म्हणजे दलालाच्या बिलात, गाडीभाडं दोनदा कापलेलं निघालं. दादा ती प्रिंट घेऊन दादरला गेले, भांडून पैसे परत आणले. त्या दिवसापासून मी म्हणेन ते दादा ऐकतात आणि ते म्हणतील ते मी.

आणि नेमकं २०१७ ला ते लोक आले. नाव नको. २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के सामाजिक कामाला द्यायचे आलेत, त्या पैशावर शहरातून एक संस्था आली, टी-शर्ट, फ्लेक्स, प्रत्येक पोराला टॅब, सगळं फुकट. सात शाळांपैकी सहांनी एका महिन्यात आम्हाला नमस्कार केला. शाळांना काय बोलणार, फुकट कोण सोडतो. पण माझ्या वर्कशीट! मोगऱ्याचा हिशोब, एसटीचं तिकीट, रेशनचं धान्य, चार वर्षं रात्री बसून काढलेल्या, त्यांच्या पुस्तकात जशाच्या तशा, वर त्यांचा लोगो. एका गणितात माझी चूक होती, रेशनच्या किलोंची बेरीज चुकलेली, ती चूकसुद्धा तशीच छापलेली! आणि ते पुस्तक वाटत फिरत होता माझाच पार्टनर, त्यांच्या टी-शर्टमध्ये. पगार माझ्यापेक्षा अडीचपट, मान्य. पण सांगून जायचं ना. आजही एसटी स्टँडवर दिसतो, मान हलवतो, मीही हलवतो.

चूक माझीही होती, एकाही कागदावर नाव टाकलं नव्हतं. तुम्ही टाका. अगदी तळाला, बारीक, पण टाका.

ते दीड वर्ष कसं काढलं मलाच माहीत. पतपेढीचे पाच हप्ते थकले, वसुलीवाला गाळ्यात येऊन बसायचा, पोरांसमोर. बाइक विकली. झेरॉक्स, पॅन कार्ड, महाडीबीटी या सरकारी साइटवरचे स्कॉलरशिपचे फॉर्म, रात्री एकला साइट हलकी चालते म्हणून रात्री एकला भरायचो. बायको म्हणाली लॅपटॉप विका, आठ विकले तर कर्ज फिटतं. एक गिऱ्हाईक ठरलंही होतं. त्याच आठवड्यात दादा दुसऱ्या मुलाला घेऊन आले, म्हणाले तिकडे टॅबवर बोटाने मांजर पळवतात सर, याला तुमच्याकडचं टायपिंगवालं शिकवा. एका पोराची आठवड्याची फी, त्याने काय हप्ता फिटतो? पण नाही विकले.

टॅब दोन वर्षांत संपले. फुटले, चार्जर हरवले, फंड बंद झाला, आता त्याच कुलपाच्या खोलीत आहेत. मांजर पळवणं वाईट नाही, ते स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून करायचं कोडिंग, मीही सहावी-सातवीला शिकवतो. पण दहावीच्या पोराला एरर वाचता आली पाहिजे, कुठल्या ओळीत चुकलं ते शोधता आलं पाहिजे, आणि ते कीबोर्डशिवाय होत नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आलंय, चांगलंय, मशिन कोण देणार ते बघू.

आता पाच शाळा आहेत, १४ पैकी ११ लॅपटॉप चालू. बॅटऱ्या बदलायच्यात. कोणाकडे जुन्या मॉडेलच्या ओरिजिनल बॅटऱ्या मिळत असतील तर सांगा, लोकल नको, फुगतात.

मागच्या सिझनला दादा आले, दलालीचा टक्का बदलला, प्रोग्रॅममध्ये जुनाच आहे, मुलगी नाशिकला शिकायला, तुम्ही बदला. मी फाइल उघडली, टक्का तिने सरळ आकड्यातच लिहून ठेवलेला, तीन ठिकाणी. मी हात नाही लावला. धाकटा नववीत आहे, त्याला बसवलं. दोन ठिकाणी बदलला, तिसरं राहिलं, हिशोब जुळेना, पाऊण तास खाल्ला त्याने, शेवटी वरती एकदाच टक्का लिहून खाली नाव वापरलं. दादा बाकावर बसून होते, गाडी चुकली त्यांची.

प्रिंटचे पाच रुपये मी घेतले.