२४० हप्त्यांचं कर्ज, ६९ भरले, बाकी २७१

पिंपरी-चिंचवड पट्ट्यात होमलोनचं काम करतो, डीएसए म्हणजे बँकांना कर्जाच्या फाइली आणून देणारा एजंट म्हणून. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण राहत्या घरासाठी येतच नाहीत, ताथवडे, पुनावळे, रावेत, माण इकडे आयटीवाल्यांना भाड्याने द्यायला दुसरा-तिसरा फ्लॅट घ्यायचा असतो नाहीतर आधी घेतलेल्याचं कर्ज फिरवायचं असतं. २०२५ च्या ऑगस्टमधली अशीच एक फाइल अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून थोडे तपशील इकडेतिकडे केलेत.

साहेब चाळिशीतले, चाकणला कंपनीत, हातात ८२ हजार. वहिनी एसटीत कंडक्टर, हातात ३८ हजार. राहतं घर वडिलोपार्जित, त्यावर काही बोजा नाही. भाड्याने दिलेले फ्लॅट दोन. रावेतचा साहेबांच्या एकट्याच्या नावावर, हप्ता २४ हजार. ताथवड्याचा टू बीएचके दोघांच्या नावावर, त्याला २०१९ च्या नोव्हेंबरात एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडून ४२ लाख घेतलेले, २० वर्षं, ८.६० टक्के, हप्ता ३६,७१५. एकही हप्ता बाउन्स नाही, लॉकडाऊनमध्ये मोरेटोरियमसुद्धा, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची सवलत, घेतलेलं नाही.

मला सांगितलेलं काम असं की ताथवड्याचं कर्ज बँकेत बीटी करायचं, म्हणजे बॅलन्स ट्रान्सफर, बँकेने जुन्या कंपनीची बाकी फेडून ते स्वतःकडे घ्यायचं, वर त्याच फ्लॅटवर १५ लाखांचं जादा कर्ज म्हणजे टॉपअप काढायचा, आणि तो टॉपअप माणला बुक केलेल्या तिसऱ्या फ्लॅटमध्ये आपलं काँट्रिब्युशन म्हणून घालायचा. मेट्रो येतेय, भाव वाढणार, हा त्यांचा हिशोब, आणि तो अगदीच हवेतला होता असं नाही, ताथवड्याच्या फ्लॅटचं व्हॅल्युएशन ७२ लाख आलं. त्यांना कुणीतरी असंही शिकवलं होतं की टॉपअप सिबिलवर, म्हणजे कर्जांच्या नोंदीच्या रिपोर्टवर, दिसायच्या आत माणच्या फ्लॅटच्या कर्जाचा अर्ज दुसऱ्या बँकेत टाकून दे. हे शिकवणारे आमच्याच धंद्यातले आणि मला त्यांची चीड येते. एक तर २०२५ च्या जानेवारीपासून बँका कर्जांची माहिती सिबिलला दर पंधरवड्याला पाठवायला लागल्या होत्या, आणि तसं नसतं तरी दोन्ही हप्ते भरायचे त्याच माणसाने ना.

लोकांना वाटतं रेंटल प्रॉपर्टीच्या कर्जात बँक भाडं बघते. बघते, पण बघण्याची पद्धत वेगळी. लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर्ड पाहिजे, भाडं खात्यात आलेलं दिसलं पाहिजे, आणि तेही अख्खं धरत नाहीत, या बँकेने निम्मं धरलं. ताथवड्याचं १९ हजार भाडं, अॅग्रीमेंट रजिस्टर्ड, म्हणून साडेनऊ हजार धरले. रावेतचं भाडं रोखीत आणि कागद फक्त नोटरी केलेला, म्हणून शून्य. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे अॅग्रीमेंट रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची असते, तरी हजार-दोन हजार वाचवायला लोक नोटरीवर भागवतात आणि कर्जाच्या वेळी तेच भाडं कामाला येत नाही. मग फाइल उभी राहते ती पगारावर, इथे दोघांच्या. दोघांचा पगार आणि ते साडेनऊ हजार धरून टॉपअपसकट फॉयर, म्हणजे उत्पन्नातला हप्त्यांचा वाटा, ५३ टक्के बसला आणि सँक्शन आलं.

सहीच्या दिवशी ब्रँचमध्ये अॅग्रीमेंटचा गठ्ठा तयार होता, सह्यांच्या जागी पेन्सिलने फुल्या मारलेल्या. वहिनी ड्यूटी संपवून तशाच खाकी ड्रेसमध्ये आल्या. सेल्स मॅनेजर पानं उलटत फुल्यांवर बोट ठेवत होता, साहेबांच्या सह्या भराभर झाल्या, आणि वहिनींची पाळी आल्यावर त्यांनी चष्मा काढून लावला आणि गठ्ठा स्वतःकडे ओढून घेतला. त्यात किती कर्ज बाकी आहे ते दाखवायला जोडलेलं जुन्या कंपनीचं स्टेटमेंट होतं, ते बाहेर काढून त्यांनी त्याच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"सर, हे बाकी हप्ते २७१ कसले?"

मॅनेजर म्हणाला, "मॅडम ते जुन्या कंपनीचं आहे, आता बंदच होणार."

"बंद होणार ते कळलं. घेताना २४० होते. आम्ही ६९ भरले, इथेच लिहिलंय. मग २७१ कसे राहतील?"

साहेब म्हणाले, "अगं मध्ये रेट वाढला होता." त्या म्हणाल्या, "मग हप्ता का नाही वाढला?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता आणि टेबलावर कुणी उत्तर देईना, म्हणून मी सांगितलं. २०२२ च्या मे महिन्यापासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत रेपो, म्हणजे आरबीआय बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, त्यात यांचा रेट १०.४० झाला, आणि कंपनीने हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली. ३६,७१५ पैकी ३४ हजारांच्या आसपास नुसतं व्याज जायला लागलं, मुद्दलात महिन्याला जेमतेम अडीच-तीन हजार. व्याज वाढलं की हप्ता वाढवायचा की मुदत हे कर्जदाराला विचारायचं असं आरबीआयने २०२३ च्या ऑगस्टमध्ये परिपत्रक काढून सांगितलंय. तोवर यांची मुदत लांबून झालेली होती आणि नंतरही एखादा मेसेज आला असेल तर तो साहेबांच्या मोबाइलवर. शिवाय २०२५ च्या फेब्रुवारी ते जूनमध्ये रेपो एक टक्क्याने उतरला तरी यांचा रेट जागच्या जागी, कारण कर्जाचा रेट रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडायचं बंधन २०१९ पासून बँकांना आहे, हाउसिंग फायनान्स कंपन्यांना नाही.

वहिनींनी स्टेटमेंटच्या पाठीमागे हिशोब मांडला. रोज वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, जुळवायची सवय, कॅल्क्युलेटर मागितला नाही. भरले २५ लाख ३३ हजार. कर्ज ४२ लाखांचं होतं ते ३८ लाख २८ हजारांवर आलं, म्हणजे फिटले ३ लाख ७२ हजार. मग साहेबांकडे न बघताच म्हणाल्या, "भाडं १९ हजार येतं, त्यातून सोसायटीला ३,२०० जातात. वरचे वीस-एकवीस हजार दर महिन्याला तुमच्या पगारातून जातात. म्हणून घर माझ्या पगारावर चालतंय होय."

साहेब टॅक्स वाचतो म्हणाले. मी गप्प बसू शकलो असतो, पण त्यांच्या कंपनीने त्यांना नव्या कर पद्धतीत, न्यू रिजीममध्ये, टाकलं होतं हे सॅलरी स्लिपवर मला दिसत होतं, आणि न्यू रिजीममध्ये भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्या रिजीममध्येसुद्धा वर्षाला दोन लाखांपर्यंतच होतो. ते सांगितलं. साहेबांना आवडलं नाही.

वहिनी म्हणाल्या, "बँक बदला, त्यावर सही करते. पंधरा लाखांवर करणार नाही."

मॅनेजरने साहेबांना बाजूला घेतलं, "वहिनींना समजवा, फक्त फॉर्मॅलिटी आहे." हे वाक्य मी अनेक ब्रँचमध्ये ऐकलंय आणि दरवेळी डोक्यात जातं. को-अॅप्लिकंट, म्हणजे सहकर्जदार, अख्ख्या कर्जाला जबाबदार असतो, नवऱ्याने हप्ता थांबवला तर वसुलीवाले तिच्याही दारात येणार, सिबिल तिचंही खराब होणार. ज्या सहीशिवाय फाइल पुढे सरकत नाही तिला फॉर्मॅलिटी कसं म्हणतात?

मग मी जे केलं ते करायला मला मनापासून आवडतं. मार्केटमध्ये बीटी विकतात ती हप्ता कमी होतो म्हणून. इथे ८.२० टक्क्यांनी परत २० वर्षं घातली असती तर हप्ता ३२,५०० च्या आसपास आला असता, लोक एवढं ऐकून खूश होतात आणि सहा वर्षांचे पैसे भरून पुन्हा २४० वर येऊन उभे राहतात. मी मुदत १७१ टाकली, म्हणजे मुळात जेवढे हप्ते उरायला हवे होते तेवढेच. हप्ता आला ३८,०२७. तेराशे रुपये जास्त आणि १०० हप्ते कमी. वहिनींनी आकडा दोनदा वाचला आणि म्हणाल्या, हेच करा.

त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. सँक्शन नव्याने करावं लागलं, टॉपअप गेला तसं माझं पेआउट म्हणजे कमिशनही त्या प्रमाणात गेलं, मॅनेजरने महिन्याच्या टार्गेटवरून माझ्याशी बोलणं टाकलं. कर्ज मुदतीआधी फेडायचं फोरक्लोजर लेटर मागितल्याबरोबर जुन्या कंपनीचा साहेबांना फोन, सर तुम्हाला ८.६० करून देतो, फक्त रेट बदलायची कन्व्हर्जन फी भरा. इतकी वर्षं १०.४० घेतले आणि माणूस निघाल्यावर रेट खाली आला. व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या रेटच्या, होमलोनला फोरक्लोजर चार्ज लावता येत नाही, त्यामुळे अडवायचा तेवढा एकच मार्ग त्यांच्याकडे होता. मूळ कागदपत्रं मात्र वेळेत मिळाली. २०२३ च्या डिसेंबरपासून कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद दिले नाहीत तर दिवसाला पाच हजार भरपाई द्यावी लागते, तेव्हापासून तो त्रास बराच कमी झालाय.

केस इथे संपायला हवी होती. पण कर्जाचे पैसे सुटल्यावर साहेबांचा फोन आला की रावेतच्या फ्लॅटवर टॉपअप काढू, तो माझ्या एकट्याच्या नावावर आहे, तिची सही लागणार नाही ना? खरं ते सांगितलं, सही लागत नाही, पण तिचा पगार लागतो. दोन्ही हप्ते मिळून ६२ हजार, समोर तुमचा पगार आणि धरलेलं भाडं मिळून साडेएक्क्याण्णव हजार, फॉयर टॉपअपच्या आधीच ६८ टक्के, बँक हात लावणार नाही. ते म्हणाले मग एनबीएफसीत, म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपनीत, टाका, रेट कितीही चालेल. मी नाही म्हणालो. ते दुसरा डीएसए बघतील आणि त्यांना तो मिळेल, आमच्या लाइनीत मिळतोच.

त्याच आठवड्यात वहिनींचा मेसेज आला, रावेतच्या कर्जाचाही असाच हिशोब काढून द्याल का, बाकी हप्ते किती आहेत तेवढं सांगा. स्टेटमेंट माझ्या मेलवर आहे, फाइलसाठी साहेबांनीच पाठवलेलं. पण ते कर्ज त्यांच्या एकट्याचं, त्यांना न विचारता मला ते देता येत नाही, आणि वहिनींना मी तसंच कळवलं, साहेबांकडून मागून घ्या म्हटलं. नियमाने तेच बरोबर आहे. पण तो २४ हजारांचा हप्ता भागावा म्हणून घरखर्च ज्या पगारातून चालतो, त्या बाईला त्याचे किती हप्ते राहिलेत एवढंही कळू नये हे मला काही केल्या पटत नाहीये.