गहाण पडलेलं पुस्तक

ऑक्सफर्डच्या एका मध्ययुगीन हस्तलिखिताचं शेवटचं पान आज स्क्रीनवर बघत होतो. खाली घाईघाईत खरडलेल्या लॅटिन ओळी. वाटलं, काहीतरी भारी टीप असणार. निघाली गहाणाची नोंद! कुणी ठेवलं, कुठल्या पेटीत, कधी आणि किती रकमेसाठी.

त्याच्यावर तशीच एक जुनी, खोडलेली. म्हणजे पुस्तक एकदा सुटलं आणि पुन्हा अडकलं.

या 'पेट्या' म्हणजे विद्यापीठाचे कर्जनिधी. पहिली १२४० सालची. तिच्या पैशाचं मूळ मात्र भलतंच. १२०९ मध्ये गावाने विद्यापीठातल्या दोघा-तिघांना फासावर चढवलं होतं. त्याची शिक्षा म्हणून १२१४ पासून गावाने गरीब विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ५२ शिलिंग द्यायचे ठरले, तोच पैसा पुढे या पेटीत आला. कर्ज बिनव्याजी, पण तारण हवंच. पुस्तकाची किंमत विद्यापीठाचा ग्रंथविक्रेता ठरवायचा, आणि मुदतीत सोडवलं नाही तर सरळ विक्री.

विद्यापीठाच्या इतिहासात सनदा, कुलगुरूंच्या याद्या वगैरे असतातच. मला ही उधारीची ओळ जास्त खरी वाटते.

एकच कळत नाही. पुस्तक पेटीत गेल्यावर गडी अभ्यास कशावर करत असेल? मित्राच्या पुस्तकावर, की नुसत्या पाठांतरावर?