घरचा सॅनिटायझर: अ‍ॅट्रिब्यूटच्या व्हॅल्यूंपर्यंत पोचलो

ट्रेकच्या नोंदींसाठी पायथनमध्ये जो छोटा एचटीएमएल सॅनिटायझर (लोकांच्या मजकुरातलं धोकादायक एचटीएमएल काढणारा कोड) लिहितोय त्यातलं टॅग गाळायचं काम झालं, आता अ‍ॅट्रिब्यूटच्या व्हॅल्यू (टॅगच्या आत नाव="व्हॅल्यू" असं जे लिहितात त्या) तपासणं चालूय. नोंदी आमच्या पुण्याच्या ग्रुपच्या, सिंहगड राजगड तोरणा वगैरे, कुणी वर्डमधून पेस्ट करतं कुणी व्हॉट्सअ‍ॅपवरून उचलतं, त्यामुळे आत काय येईल नेम नाही. खऱ्या साइटवर तयार लायब्ररीच लावा, एनएच३ चांगली आहे (ब्लीच ही दुसरी लायब्ररी २०२३ पासून डेप्रिकेटेड, म्हणजे नव्याने वापरू नये अशी), मी हे आतलं नीट समजावं म्हणून करतोय.

सगळ्यात जास्त वेळ एचरेफने (लिंकचा पत्ता) खाल्ला आणि तो द्यायलाच हवा. व्हॅल्यू जावास्क्रिप्ट-कोलनने (क्लिक केलं की कोड चालवणारी लिंक) सुरू होते का एवढं बघून काहीच होत नाही, कारण कोलनच्या जागी &#58; लिहिलं तरी ब्राउझर आधी ते डिकोड करतो, म्हणजे त्याचं मूळ चिन्ह बनवतो, आणि जावा न् स्क्रिप्टच्या मधे &#9; म्हणजे टॅब घातला तर यूआरएल पार्सर तो टॅब चक्क गाळून टाकतो, लिंक चालते! म्हणून माझा क्रम असा ठेवलाय, आधी डिकोड, मग सुरुवातीची कंट्रोल कॅरेक्टर आणि कुठेही असलेले टॅब-न्यूलाइन काढायचे, मग स्कीम (कोलनच्या आधीचा भाग) लहान लिपीत करून अलाऊलिस्टशी (परवानगीच्या यादीशी) ताडायची, एचटीटीपी, एचटीटीपीएस, मेलटू, टेल, बास. आणि जी स्ट्रिंग तपासली तीच बाहेर लिहायची, मूळची नाही. पायथनचा एचटीएमएलपार्सर अ‍ॅट्रिब्यूटची व्हॅल्यू डिकोड करूनच हातात देतो, त्यावर परत अनएस्केप (पुन्हा डिकोड) मारू नका, &amp;#58; चा अर्थच बदलतो.

त्याच पार्सरची अजून एक गोष्ट. एकाच टॅगवर एचरेफ दोनदा आला तर तो दोन्ही जोड्या लिस्टमध्ये देतो, डिक्ट (एका नावाला एकच व्हॅल्यू ठेवणारी रचना) केली की शेवटची उरते, ब्राउझर मात्र पहिली धरतो. म्हणजे तपासणी डिक्टवर आणि आउटपुट लिस्टमधून असेल तर वाईट लिंक सरळ निसटते. मी पहिली ठेवून बाकीच्या तिथेच टाकून देतो.

आता आपल्या लिपीचं, यावर मला खरंच कळकळीने लिहायचंय. 'अदृश्य कॅरेक्टर काढा' म्हणून एकच रेजेक्स (शोधायचा पॅटर्न) सगळ्या व्हॅल्यूंवर फिरवतात, त्यात झिरो विड्थ जॉइनरही (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं अदृश्य कॅरेक्टर) जातो. बरेच जण 'दऱ्या' मधला र तो जॉइनर घालून टाइप करतात, तो गेला की 'दर्या' उरतो, आणि फोटोच्या आल्टमध्ये (फोटोच्या वर्णनात) 'सुवेळा माचीवरून दिसणाऱ्या दऱ्या' असेल तर स्क्रीन रीडर ऐकणाऱ्याला राजगडावरून समुद्र! यूआरएलचा नियम यूआरएललाच लावा, आल्ट आणि टायटलला फक्त एस्केप (खास चिन्हांच्या जागी त्यांचे कोड लिहिणं) पुरतं.

आकड्यांत उलटं आहे. विड्थ="१००" पायथनच्या इंटला (स्ट्रिंगचा आकडा करणारं फंक्शन) चालतं, त्याला देवनागरी अंक कळतात, रेजेक्सचा आकड्यांचा शॉर्टकटही ते पकडतो, पण एचटीएमएलला अंक आस्कीच लागतात, ब्राउझर ती विड्थ सोडून देतो. म्हणून इंटमधून काढून परत स्ट्रिंग करतो, आपोआप 100 होतं. कोलस्पॅन (टेबलचा खाना किती कॉलम व्यापतो) १००० वर कापला, एचटीएमएलच्या स्पेकमध्येच ती मर्यादा आहे.

आयडी मराठीत चालतो, फक्त मधे स्पेस नको, 'सुवेळा-माची' झकास चालतं, अंकाने सुरू झाला तरी चालतं. प्रत्येक आयडीला पुढे 'नोंद-' जोडतोय, नाहीतर लोकांनी दिलेलं नाव स्क्रिप्टमधल्या एखाद्या ग्लोबल नावावर बसू शकतं.

डिटेल्स टॅगवर (उघडझाप करता येणारा भाग) ओपन="फॉल्स" दिलं तरी ते उघडंच राहतं, बुलियन आहे, नुसतं असणंच पुरतं, तर व्हॅल्यू काढून टाकतो.

बाहेर लिहिताना सगळं डबल कोटमध्ये, आणि & " < > चारही एस्केप. कंस कशाला असं वाटेल, पण क्रोमनेही २०२५ मध्ये १३८ व्या व्हर्जनपासून सीरियलाइझ करताना (पानाचं परत एचटीएमएल लिहिताना) अ‍ॅट्रिब्यूटमधले < > एस्केप करायला घेतलेत.

स्टाइल अख्खं उडवलंय. पुढे एसआरसीसेट (एकाच फोटोच्या वेगवेगळ्या आकारांच्या यूआरएलची यादी), ते स्वल्पविरामावर नुसतं तोडता येत नाही, यूआरएलच्या आतही स्वल्पविराम असू शकतो, त्यामुळे टेस्ट आधी लिहितोय, कोड नंतर.